दाताच्या दवाखान्यावरचे केस

आमच्या आत्याचं अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या डोक्यापायी गेलं. ती टोप करते. टोप म्हणजे पाणी तापवायचा नव्हे, डोक्यावर घालायचा. हल्ली ज्याला विग म्हणतात तो. जाळीची टोपी घ्यायची, लाकडी डोक्यावर ताणून टाचायची आणि बारीक आकड्याने एकेक केस तिच्यात गाठवत जायचा. मुळं एका दिशेला, टोकं एका दिशेला. एक केस जरी उलटा गेला तरी तो शेजारच्यांना धरतो आणि थोड्याच दिवसांत सगळ्या डोक्याचा गुंता होतो. आत्या म्हणते, घराण्याचंही तसंच असतं, पण घराण्याला कंगवा लावता येत नाही.

ती मूळची एका नाटक कंपनीत होती. राजाचे कुरळे, म्हाताऱ्याचे पांढरे, दरोडेखोराच्या दाढ्या, सगळं तिच्याकडे. मग लोक नाटकाला येईनासे झाले. मालकांनी एक दिवस सगळ्यांना रंगमंचावर बोलावून कंपनी बंद करत असल्याचं सांगितलं, आणि स्वतःच लिहिलेलं असल्यामुळे भाषण फार लांबवलं. निरोपादाखल आत्याला तिची लाकडी डोकी मिळाली. ती सगळी टॅक्सीच्या मागच्या सीटवर रचून ती घरी आली. टॅक्सीवाला वाटभर आरशातून मागे बघत होता, आणि उतरताना त्याने सामान उचलायला मदत केली नाही.

माझे बाबा म्हणजे आत्याचा मोठा भाऊ. ते पक्क्या नोकरीतले. त्यांनी लगेच उपदेश केला.

"आता एखादी नोकरी बघ."

"कसली?"

"कसलीही. महिन्याच्या महिन्याला हातात काहीतरी पडेल अशी."

"मला केस गाठवता येतात, दादा. दुसरं काही येत नाही," आत्या म्हणाली. "आणि टक्कल काय फक्त राजांनाच पडतं? नोकरीवाल्यांना पडतंच की."

बाबांनी नकळत स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विषय बदलला.

तर आत्याने घरीच धंदा सुरू केला. जागा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. अर्ध्या टेबलावर कणीक, अर्ध्यावर लाकडी डोकं. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, टपाल खात्यातून निवृत्त होऊन नुकते घरी बसले होते. ते म्हणायचे, "लोकांकडे जेवणात केस निघाला की विचारतात, कुणाचा? आमच्याकडे विचारतात, कधी द्यायचाय?"

पण खरी अडचण वेगळीच होती. टोप घ्यायला येणाऱ्या माणसाला आपण टोप घ्यायला आलोय हे कुणाला कळायला नको असतं. आणि आत्याच्या समोरच्या दारात काकू बसलेल्या असायच्या. त्या दार कधी लावतच नसत; त्यांचं म्हणणं, हवा खेळती राहते. एकदा एक गृहस्थ कानापर्यंत टोपी ओढून जिना चढून आले, काकूंना बघून गडबडले आणि म्हणाले, "मीटर बघायला आलोय." मग त्यांनी खरंच मीटर बघितला, आकडा एका कागदावर उतरवला आणि निघून गेले. पुन्हा आले नाहीत. काकू मात्र पुढे कितीतरी दिवस वाढीव बिलाची वाट बघत होत्या.

दुसरी अडचण आतोबांची. त्यांच्या डोक्यावर केस म्हणजे नुसतं रान. साठी उलटली तरी कपाळ सापडत नव्हतं. गिऱ्हाईक मोठ्या मुश्किलीने मनाचा हिय्या करून यायचं, खुर्चीत बसायचं, आणि आतोबा चहा घेऊन यायचे. त्यांना बघून गिऱ्हाइकाचा चेहरा असा पडायचा की काही विचारू नका. शेवटी आत्याने त्यांना लोकरीची टोपी विणून दिली. गिऱ्हाईक आलं की ती घालायची, उन्हाळा असो नाहीतर काही. आतोबांनी तक्रार केली नाही. "माझी इस्टेट एवढीच," ते म्हणायचे, "तीही झाकून ठेवायची वेळ आली."

बाहेर जागा हवी होती, आणि ती सापडली बाजाराच्या गल्लीतल्या एका जुन्या इमारतीत. खाली बंद पडलेली दोन दुकानं, पहिल्या मजल्यावर दाताचा दवाखाना, दुसऱ्यावर एकच खोली. जिना सगळ्यांचा एक. आत्याने खोली बघण्याआधी जिनाच बघितला. वर जाऊन खाली आली, दवाखान्याच्या पाटीखाली जरा वेळ उभी राहिली आणि मालकाला म्हणाली, "घेतली."

तिचा हिशेब बरोबर निघाला. दाताच्या डॉक्टरकडे जाणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही. उलट सगळे कीव करतात. आत्याची गिऱ्हाइकं गालाला हात लावून जिना चढायची, पहिल्या मजल्यावर इकडेतिकडे बघायची आणि सटकन वर जायची. काहीजण तर तोंडात रुमालाचा बोळा धरून यायचे. आत्याने पाटी लावली नाही. दारावर फक्त एक लहानसा आरसा टांगला, म्हणजे येणाऱ्याला आपण का आलोय याची आठवण राहील.

डॉक्टर तसे सज्जन, पण चेहरा कायम दात दुखत असल्यासारखा. त्यांचे काही पेशंट चुकून वर यायचे. एकदा एक आजोबा आले, खुर्चीत बसले, डोळे मिटून घेतले आणि आ वासला. आत्याने वाकून आत बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, दात छान आहेत. पण तुम्हाला खालच्या मजल्यावर जायचंय."

"छान आहेत ना?" आजोबा म्हणाले. "मग कशाला जाऊ?" आणि ते तडक घरी गेले. डॉक्टर त्यानंतर आठवडाभर आत्याशी बोलले नाहीत.

अशी बरी वर्षं गेली. मग दिवस फिरले. गावाबाहेरचा मोठा कारखाना बंद झाला, त्याच्यामागे त्याला माल पुरवणारे छोटे कारखाने गेले, त्यांच्यामागे दुकानं. अडचणीत आलेला माणूस आधी वरवरचं कमी करतो, आणि टोपाइतकं वरवरचं दुसरं काय असणार? त्यातच बाहेरून मशीनवर केलेले नायलॉनचे टोप घरपोच यायला लागले. स्वस्त, आणि बुटाला पॉलिश केल्यासारखे चकचकीत. आत्याने पहिला बघितला तो दोन बोटांत धरून उलटापालटा केला. मग म्हणाली, "हा डोक्यावर घालायचा की दारात पाय पुसायला टाकायचा?"

पण नाक मुरडून पोट भरत नाही हे तिला ठाऊक होतं. असाच एक पार्सलचा टोप घालून एकजण चहा करताना शेगडीवर वाकला आणि समोरचे सगळे केस आक्रसून त्यांची सुपारी झाली. तो रडवेला होऊन आत्याकडे आला. तिने पुढची कड कापून तिथे खरे केस गाठवून दिले. मग तसले आणखी आले. त्याशिवाय जे येईल ते तिने घेतलं. बाहुल्यांचे केस. व्हायोलिनच्या गजाला घोड्याचे केस. एका शाळेच्या प्रयोगशाळेत पेंढा भरलेलं माकड होतं. पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या हात फिरवून त्याचं डोकं गुळगुळीत केलं होतं. आत्याने त्यालाही केस लावले. मी त्या सुमारास तिच्याकडे गेले होते, तर माकड गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलेलं, गळ्याभोवती टॉवेल, आणि आतोबा समोर टोपी घालून बसलेले.

"आतोबा, माकडासमोर कशाला टोपी?" मी विचारलं.

"सवय मोडायला नको," ते म्हणाले.

हसत होते, पण दिवस हसण्यासारखे नव्हते. एक दिवस दाताचे डॉक्टर वर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी चाललो. मोठ्या रुग्णालयात पगारावर लागलोय. लोक तोंड उघडायला तयार आहेत हो, पाकीट उघडायला नाहीत." दवाखान्याची पाटी त्यांनी स्वतः उतरवली. आत्याने खाली उतरून खिळे धरायला मदत केली. तिला आपलं छप्पर उतरवल्यासारखं वाटलं असावं, कारण त्या दिवशी ती लवकर घरी गेली आणि काम काढलं नाही.

रिकाम्या जागेत वकीलबाई आल्या. त्यांनी लावलेली पाटी रस्त्याच्या त्या टोकावरून वाचता यायची: "घटस्फोट व कौटुंबिक वाद." त्यांच्या धंद्याला मंदी नव्हती. उलट, लोक घरी जास्त वेळ बसायला लागले तसं त्यांचं काम वाढलं.

आता आत्याच्या गिऱ्हाइकांची पंचाईत झाली. गाल धरून घटस्फोटाला कोण जातं? कुणी फाईल बगलेत मारून यायला लागलं, तर कुणी यायचंच बंद झालं. एका बँकेतल्या साहेबांना त्यांच्या मेहुण्याने जिन्यावर बघितलं आणि त्यांच्या सासूबाई दुसऱ्याच दिवशी बॅग घेऊन राहायला आल्या. त्या अजून गेलेल्या नाहीत, असं ऐकते.

आत्याने शेवटी हात टेकले. मालकाला सांगितलं, महिनाअखेर खोली सोडते. गिऱ्हाइकांनाही कळवून टाकलं. लाकडी डोकी खोक्यात भरली. त्या संध्याकाळी आतोबांनी टोपी काढून घडी घातली आणि विचारलं, "आता ही लागणार नाही ना?" आत्याने ती टोपी घेऊन खोक्यात डोक्यांच्या मधे कोंबली, आपटू नयेत म्हणून.

आता त्याच गल्लीतल्या चष्मेवाल्यांचं सांगायला हवं. त्यांचं चष्म्यांचं दुकान, गल्ल्यावर त्यांची बायको. चष्मेवाले आत्याचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. आत्या बंद करणार म्हटल्यावर त्यांची झोप उडाली. ते पळत आले. "ताई, जाण्याआधी एक करून द्या. मरेपर्यंत पुरेल असा."

माप घ्यायला ते दुसऱ्या दिवशी दुपारी यायचं ठरलं. जिना चढताना पेपरवाल्याने त्यांना हटकलं. हा पेपरवाला इमारतीच्या तोंडाशीच बसायचा आणि पेपरात न आलेल्या बातम्याही ठेवायचा.

"काय शेठ, इकडे कुठे?"

चष्मेवाले दचकले, आणि दचकलेला माणूस खरं बोलून जातो. "केसांचं काम आहे," ते पुटपुटले आणि वर पळाले.

पेपरवाल्याने "केसचं" ऐकलं. त्याची नजर पाटीवर गेली. मग तो पेपर तिथेच टाकून चष्म्याच्या दुकानात गेला आणि चष्मेवालीबाईंना म्हणाला, "वहिनी, मी मधे पडणारा माणूस नाही. पण शेठ वकिलीणबाईंकडे गेलेत. केसचं काम आहे म्हणाले." एका काना-अनुस्वाराने एक संसार मोडायची वेळ आली.

बाईंनी गल्ला बंद केला. आधी त्या वकीलबाईंकडे शिरल्या.

"माझे मिस्टर कुठायत?"

"असं कुणी माझ्याकडे नाही," वकीलबाई म्हणाल्या. "आणि असले तरी मी सांगणार नाही."

या वाक्याच्या पहिल्या भागावर कोण विश्वास ठेवणार? तेवढ्यात वरून खोकल्याचा आवाज आला. आपल्या नवऱ्याचा खोकला बायको शंभर खोकल्यांतून ओळखते. बाई वर धावल्या आणि त्यांनी दार ढकललं.

डोक्याचं माप घ्यायची रीत अशी: डोक्याभोवती पातळ प्लॅस्टिक घट्ट गुंडाळायचं, त्याच्यावर चिकटपट्टीचे थर चढवायचे, की डोक्याच्या आकाराचा साचा तयार होतो. मग त्याच्यावर पेनाने केसांची कड आखायची. चष्मेवाले त्या अवस्थेत होते. प्लॅस्टिकची दोन टोकं त्यांनी स्वतःच कानांपाशी धरली होती, त्यामुळे हात अडकलेले. आत्याच्या तोंडात चिकटपट्टीचा तुकडा.

बाई दारातच थांबल्या. "हे काय? पार्सल करून कुठे पाठवतायत तुम्हाला?"

चष्मेवाल्यांनी डोळे मिटून घेतले.

"केस किती दिवस चाललीये?" बाईंनी विचारलं.

"कुठली केस?"

"पेपरवाल्याला सांगितलंत ना, केसचं काम आहे."

"केसांचं," चष्मेवाले बारीक आवाजात म्हणाले. "केसांचं काम. हे. डोक्यावरचे." आणि हनुवटीनेच त्यांनी टेबलाकडे खूण केली. तिथे त्यांचा टोप उताणा पडला होता.

बाईंनी टोपाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. "म्हणजे वकील नाही?"

"नाही."

"नुसते केस?"

"नुसते केस."

बाई स्टुलावर बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. चष्मेवाल्यांना वाटलं, टक्कल बघून धक्का बसला. "मी तुला सांगणारच होतो," ते म्हणाले. "पण वेळ येईना."

"काय सांगणार होता? की हे खोटे आहेत?" बाई आता हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं. "उशीच्या अभ्र्याला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्ट्या लागलेल्या असतात. त्या काय माझ्या?"

"तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून. म्हटलं, माणसाला एवढी एक गोष्ट लपवू दे." मग त्या उठल्या, टेबलावरचा टोप उचलला, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला आणि आत्याकडे वळल्या. "काम अप्रतिम आहे तुमचं. पण एक बोलू का? हे पन्नाशी ओलांडून गेले, केस अजून कॉलेजात आहेत."

आत्याने तोंडातली चिकटपट्टी काढली. "मी दरवर्षी सांगते त्यांना, थोडे पांढरे घालू या म्हणून. एकही पुरुष ऐकत नाही."

"पुरुषांना कशाला विचारता?" बाई म्हणाल्या. "कानाशी पांढरे घाला. आणि भांगाकडे जरा विरळ करा, इतके दाट यांचे लग्नातसुद्धा नव्हते."

चष्मेवाले म्हणाले, "मी हात सोडू का आता?" पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दोघीजणी टोपावर वाकून, कुठे किती पांढरे, यावर बोलत बसल्या होत्या.

त्या दुपारी चष्मेवालीबाईंनी आणखी एक गोष्ट विचारली: "हे दरवर्षी करून देता का?" आत्याला आधी कळलं नाही. बाई म्हणाल्या, "माणसाचं वय वाढतं तसं टोपाचंही वाढायला हवं. नवा टोप या दिवसांत कोण घेणार? पण आहे त्याला दरवर्षी वय लावून दिलंत तर लोक येतील. आम्ही चष्म्याचा नंबर नाही का दरवर्षी तपासत?"

आत्या नंतर मला म्हणाली, "इतकी वर्षं मी लोकांना तरुण करत बसले. म्हातारं करण्यात धंदा आहे हे सुचलंच नाही."

खोक्यातली डोकी परत बाहेर आली. मालकाला सांगायला आतोबा स्वतः गेले, टोपी घालून. चष्मेवालीबाई आपल्या दुकानात आरशासमोर फ्रेम लावून बघणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बायकोला बाजूला घ्यायच्या आणि हळूच काहीतरी सांगायच्या. हळूहळू आत्याकडे जोडप्याने लोक यायला लागले. बायकोच बरोबर आहे म्हटल्यावर फाईल नको, रुमाल नको. बायका स्टुलावर बसून सांगायच्या, इथे कमी, तिथे जास्त, मागे यांच्या वडिलांसारखी चांदी ठेवा. नवरे खुर्चीत गप्प. खोलीत इतका हशा व्हायचा की एक दिवस वकीलबाई तक्रार घेऊन वर आल्या.

"माझ्याकडे लोक रडायला येतात," त्या म्हणाल्या. "तुमचं हसणं ऐकून त्यांचं चित्त विचलित होतं. काल एक जोडपं सही न करताच निघून गेलं. हे बरं नाही."

आत्याने माफी मागितली आणि जमिनीवर जाड सतरंजी टाकली. काही महिन्यांनी वकीलबाई पुन्हा वर आल्या, पण यावेळी दार लावून घेतलं. आजारपणात त्यांचे केस गळत होते. आत्याने त्यांना जे करून दिलं ते इतकं बेमालूम आहे की कोर्टात कुणाला शंका येत नाही. मला माहीत आहे कारण वकीलबाईंनीच सांगितलं. त्या हल्ली सगळ्यांना सांगतात.

याचा अर्थ सगळं सुरळीत झालं असा नाही. टोपांना वय लावून कुणाचे बंगले होत नाहीत. एखादा महिना असा येतो की खोलीचं भाडं जाऊन हातात जेमतेम दूधपाणी उरतं. बाबांच्या पक्क्या नोकरीतही मधे माणसं कमी केली. बाबा वाचले, पण त्यानंतर त्यांनी आत्याला नोकरीचा सल्ला दिलेला नाही.

मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा खोलीत गिऱ्हाईक नव्हतं. आतोबा खिडकीत डुलकी काढत होते. आत्या दिव्याखाली नाक टेकवून काहीतरी अगदी इवलंसं करत होती.

"काय चाललंय, आत्या?"

"हे वर्ष जरा बारीक आहे," ती म्हणाली. "म्हणून बारीक काम काढलंय. भुवया."

"भुवया कोण घेतं?"

"ज्यांच्या जातात ते घेतात. औषधांनी जातात, भाजून जातात. आणि भुवया नसल्या की माणसाच्या चेहऱ्यावर काही चालू आहे की नाही, समोरच्याला कळतच नाही." तिने दोन तयार भुवया तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरल्या. मी एक-एक करून कपाळाला लावून आरशात बघितल्या. डावीचं टोक जरा वर गेलं होतं.

आत्याने मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. "ही संशयी झाली," ती म्हणाली, आणि माझ्या कपाळावरून ती अलगद काढून उसवायला बसली.